हृदयाच्या सुजेवर स्टेरॉइड: सर्वांनाच का देत नाहीत?

मायोकार्डायटिस म्हणजे हृदयाच्या स्नायूला येणारी सूज. दम लागणे, छातीत दुखणे, धडधड ही तिची लक्षणे. बहुतेक वेळा कारण विषाणू असतो. काही रुग्णांत मात्र विषाणू गेल्यावरही स्वतःचीच प्रतिकारशक्ती हृदयावर हल्ला करत राहते. मग ती दाबणारी औषधे सर्वांनाच का देऊ नयेत?

१९९५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १११ रुग्ण होते. स्टेरॉइडसोबत दुसरे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध देऊनही विशेष फायदा दिसला नाही. २००९ मध्ये रोमच्या डॉक्टरांनी वेगळा मार्ग घेतला. हृदयाचा तुकडा तपासून (बायोप्सी) ज्यांच्यात विषाणू सापडला नाही, असे ८५ रुग्णच निवडले. प्रेडनिसोन आणि अ‍ॅझाथायोप्रिन सहा महिने घेतलेल्या बहुतेकांच्या हृदयाचे पंपिंग सुधारले. नुसती प्लासिबो गोळी घेतलेल्यांचे नाही.

म्हणजेच योग्य रुग्ण निवडणे महत्त्वाचे. जायंट सेल मायोकार्डायटिससारख्या दुर्मिळ, वेगाने बिघडणाऱ्या आजारात मात्र ही औषधे लवकर सुरू करावी लागतात.

आपल्याकडे क्षयरोगाचीही (टीबी) काळजी घ्यावी लागते. या औषधांनी दबलेला टीबी पुन्हा डोके वर काढू शकतो. म्हणून नाशिकहून बायोप्सी किंवा एमआरआयसाठी मुंबई-पुण्याला पाठवले, तर त्याला वेळकाढूपणा समजू नका.

औषध सुरू असताना ताप आला तर लगेच डॉक्टरांना कळवा. स्टेरॉइड स्वतःच्या मनाने अचानक बंद करू नका.