यंत्राचे दुखणे अंगावर काढू नका

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्री दवाखाना बंद करण्याच्या बेतात होतो, तेवढ्यात औद्योगिक वसाहतीतल्या एका वर्कशॉपमधून चौघे जण एका पोराला रिक्षात घालून घेऊन आले. वय बावीस-तेवीस. उजव्या हाताला गुंडाळलेला टॉवेल रक्ताने थबथबलेला. पॉवर प्रेसमध्ये तर्जनी आणि मधले बोट गेले होते. सोबत्यांनी बोटे शोधून आणली होती, पण ती थेट बर्फाच्या खड्यांत खुपसून. पांढरी फटक, कडक झालेली. मोठ्या शहरातल्या सर्जननी प्रयत्न केला, परंतु आधीच चिरडलेली आणि वर गारठलेली ती बोटे जगली नाहीत.

पट्टी बांधता बांधता मी विचारले, 'झालं कसं?'

'डॉक्टरसाहेब, सोमवारपासूनच मशीन डबल मारत होतं.'

'मग बंद का नाही केलं?'

'शनिवारी माल द्यायचा होता.'

डबल मारणे म्हणजे काय, हे मी नंतर एका जुन्या फिटरकडून समजावून घेतले. जुन्या पद्धतीच्या प्रेसमध्ये पायडल दाबले की क्लचची चावी फ्लायव्हीलमध्ये अडकते, रॅम खाली येतो आणि एक फेरा पूर्ण करून वर थांबतो. मध्येच तो थांबवता येत नाही. चावी झिजली किंवा तिची स्प्रिंग तुटली, तर पायडल न दाबताही रॅम दुसऱ्यांदा खाली येतो. नेमका त्याच क्षणी कामगाराचा हात तयार झालेला नग काढायला आत गेलेला असतो. त्या मुलाच्या प्रेसचा गार्डही 'काम हळू होतं' म्हणून काढून ठेवलेला होता. स्प्रिंग दुसऱ्याच दिवशी बदलली गेली. वस्तू किरकोळ किमतीची.

छातीत दुखत असताना चार दिवस सोडा पिऊन काढणारे रुग्ण आम्ही डॉक्टर नेहमी पाहतो. यंत्रेही आधी कुरकुरतात. नवा आवाज, तापलेले बेअरिंग, गळणारे तेल, मधूनच डबल स्ट्रोक ही त्यांची लक्षणे. ती पहिल्यांदा कळतात यंत्रावर उभ्या असलेल्या माणसाला, पण त्याचे ऐकायला सुपरवायझरला सवड नसते.

२ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री भोपाळला मिथाइल आयसोसायनेट वायूने हजारोंचे प्राण घेतले. तिथे सुरक्षेची साधने नव्हती असे नाही. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा होती, ती काही महिने बंद होती. निसटलेला वायू जाळून टाकणारा मनोरा होता, पण त्याच्या पाइपचा गंजलेला भाग बदलायचा म्हणून तो तोडून ठेवलेला होता. कागदावर सारे शाबूत!

अनेक अपघात दुरुस्ती चालू असतानाच होतात. फिटर आत वाकलेला असतो आणि कोणीतरी बाहेरून बटण दाबतो. मेन स्विच बंद करून त्याला कुलूप लावावे, आणि किल्ली दुरुस्ती करणाऱ्याच्याच खिशात असावी. नुसती 'काम चालू आहे' अशी पाटी पुरत नाही, ती पडते. स्विच बंद केल्यावरही फ्लायव्हील काही वेळ फिरत राहते, हे विसरू नये. ते पूर्ण थांबू द्यावे आणि रॅमखाली भक्कम ठोकळा लावूनच हात घालावा. चालत्या यंत्राजवळ काम करणाऱ्याचे कपडे अंगासरशी असावेत, असे १९४८ च्या कारखाना कायद्यातच लिहिलेले होते. मनगटातला गंडा, राखी, गळ्यातला मफलर कामावर येताना काढून ठेवावा. श्रद्धेला त्याने बाध येत नाही.

तरीही बोट तुटलेच तर? आधी यंत्र बंद करा. जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा आणि हात वर उचलून ठेवा. सुतळी किंवा तार आवळू नका. हळद, चुना, ग्रीस लावू नका. तुटलेले बोट स्वच्छ, किंचित ओलसर कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, पिशवीचे तोंड घट्ट बांधा, आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. बोटाला बर्फ थेट लागता कामा नये, तसेच ते नुसत्या पाण्यात बुडवूही नये. शक्यतो सहा तासांच्या आत, जिथे बोट जोडण्याची सोय आहे अशा रुग्णालयात पोचा. निघण्यापूर्वी फोन करून तशी सोय आहे का ते विचारा, म्हणजे दारोदार हिंडण्यात वेळ जाणार नाही. धनुर्वाताचे इंजेक्शन राहू देऊ नका. 'घरी पडला' असे खोटे सांगू नका. त्याने उपचारही चुकतात आणि पुढे भरपाईही बुडते. आणि धीर देण्यासाठी म्हणून रुग्णाला चहा पाजू नका, कारण त्याला भूल द्यावी लागणार असते.