उष्टे, शिळे आणि नकोसे

दिवाळीच्या फराळाचे ताट पुढ्यात असताना अन्नाच्या तिटकाऱ्याविषयी बोलणे म्हणजे लग्नाच्या मांडवात काडीमोडाच्या गोष्टी काढणे, हे मला कळते. तरीही वाचकांनी चकली मोडता मोडता थोडे ऐकून घ्यावे. कारण अन्नाला नाक मुरडण्याची आपली सवय जुनी आहे, आणि तिची कूळकथा आमच्या सावेडीच्या आसपासच सापडते.

जुन्या काळी अन्नाशी पहिले वैर धरले ते विरक्तांनी. संन्याशाने भिक्षेला केव्हा जावे? मनुस्मृती सांगते : चुलीचा धूर विरल्यावर, मुसळाचा आवाज थांबल्यावर, घरची माणसे जेवल्यावर. म्हणजे त्याच्या वाट्याला निवालेले, उरलेले तेच यायचे. तेराव्या शतकात गोदाकाठच्या डोमेग्रामी राहिलेल्या चक्रधरस्वामींनीही आपल्या शिष्यांना जिभेचे लाड वर्ज्य केले. पण त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली : भिक्षा चारही वर्णांच्या दारी मागावी. चवीशी वैर धरले, पण माणसाशी नाही.

सावेडीहून साठेक किलोमीटरवर नेवासे. तिथे शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरी सांगितली गेली. तिच्या सतराव्या अध्यायात राजस माणसाच्या जेवणाचे वर्णन आहे. ते वर्गात शिकवताना मुले हटकून हसतात. कडू इतके, की विषाहून उणे एवढेच की मारत नाही. मीठ किती? तर कणकेत पाणी घालावे तितके. आणि ऊन असे, की वाफेच्या टोकावर वात धरली तर पेटावी! पुढे तामस माणूस येतो. त्याला शिळे आणि उष्टे आवडते.

एका वर्षी इथे हसू थांबले. मागच्या बाकावरची, जिरायती गावाकडून येणारी एक मुलगी उठून म्हणाली, “मॅडम, आमच्या घरी सकाळी रात्रीचीच भाकरी असते. मग आम्ही तामस का?”

प्रश्न पुस्तकी नव्हता. मी तिला मूळ श्लोक पुन्हा वाचायला लावला. गीतेतला तिथला शब्द आहे ‘प्रिय’. कोणाला काय आवडते, याची ती प्रतवारी आहे. कोणाच्या वाट्याला काय येते, याची नव्हे. ताजे मिळत असताना जो शिळ्याची वाट पाहतो, तो तामस. जिच्या आईने दिवसभर खुरपून रात्री एकदाच चूल पेटवली, तिची भाकरी या हिशेबात बसत नाही. शिवाय संन्याशाने निवालेले खाल्ले तर वैराग्य आणि कुणब्याने खाल्ले तर तमोगुण, हा कुठला न्याय?

पण समाजाने हा भेद फारसा पाळला नाही. विरक्ताने स्वतःच्या जिभेवर घातलेला निर्बंध पुढे दुसऱ्याच्या हातावर घातला गेला. ‘उष्टे’ हा एकच शब्द घ्या. देवाचे वा गुरूचे उष्टे म्हणजे प्रसाद. नवऱ्याच्या उष्ट्या पानावर बायकोने जेवायचे, तो तिचा धर्म. आणि गावाचे उष्टे म्हणजे गावकुसाबाहेरच्यांचे पोट. १३३८ साली मंगळवेढ्याला कुसू कोसळून त्याखाली गेलेले चोखोबा आपल्या अभंगांत देवाच्या दारी उष्ट्यासाठी उभे राहतात. त्याला आपण नुसती नम्रता म्हणतो. त्यामागची भूक मात्र वाचायची राहून जाते.

ही भूक ज्यांनी ओळखली, त्यांत पैठणचे एकनाथ. त्यांची गोष्ट राहुरी तालुक्यातल्या ताहराबादच्या महिपतीबुवांनी अठराव्या शतकात आपल्या संतचरित्रांत सांगितली आहे. घरी श्राद्ध. पक्वान्नांचा वास रस्त्यावर गेला. तिथून जाणाऱ्या महारांच्या कुटुंबाला तो जाणवला. असले अन्न आपल्या नशिबी कुठले, असे त्यांचे बोलणे नाथांच्या कानी पडले. नाथांनी आणि गिरिजाबाईंनी तो सगळा स्वयंपाक त्यांनाच जेवू घातला. मग नव्याने रांधले, तरी ब्राह्मण जेवायला येईनात. शेवटी पितरच पानावर येऊन बसले, अशी कथा आहे.

पितर आले की नाही, हा श्रद्धेचा भाग. मला या कथेतला क्रम महत्त्वाचा वाटतो. नाथांनी श्राद्ध उरकून उरलेसुरले वाटले नाही; पहिले, ताजे, कोणी न शिवलेले अन्न दिले. दान तर त्या काळीही पुष्कळ होत असे, पण ते पंगती उठल्यावर!

दिवाळी संपता संपता आपल्या घरांतही एक वाक्य ऐकू येते : “चिवडा मऊ पडलाय, देऊन टाका बाईंना.” अन्न वाया जाऊ नये, हे खरेच. पण भांडी घासणाऱ्या बाईंचा डबा पुढल्या वर्षी पहिल्या घाण्यातून भरून ठेवावा. मऊ पडलेला चिवडा आपण घरी खावा. थोडा भाजला की तो चांगला कुरकुरीत होतो.