सदनिकेचा भाडेकरार : स्वाक्षरीपूर्वीचे वाचन

सदनिका ‘भाड्याने’ घेतली असे म्हटले जात असले, तरी महाराष्ट्रात होणारा करार बहुधा ‘लिव्ह अँड लायसन्स’ स्वरूपाचा असतो. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ५२ नुसार अशा परवान्याने जागेत हितसंबंध निर्माण होत नाही. केवळ वापराची अनुमती मिळते. अकरा महिन्यांच्या करारास नोंदणी लागत नाही, हा समज सुशिक्षितांतही दृढ आहे. प्राध्यापकवर्ग त्यास अपवाद नाही. वस्तुतः महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ अन्वये, मुदत कितीही असो, करार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक असून ती जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसल्यास अटींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते.

खरी मेख कलम २४ मध्ये आहे. मुदत संपूनही जागा न सोडल्यास परवाना शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते, आणि लेखी करारातील मजकूर हा निर्णायक पुरावा मानला जातो. ‘परीक्षा होईपर्यंत राहा’ हे घरमालकाचे तोंडी आश्वासन सक्षम प्राधिकाऱ्यापुढे सहसा टिकत नाही. समाप्तीचा दिनांक, मुदतपूर्व सूचनेचा कालावधी आणि अनामत रकमेतून होणाऱ्या कपाती ही कलमे म्हणूनच शब्दशः वाचावयास हवीत. मुदतवाढ ठरलीच, तर तिचाही स्वतंत्र करार नोंदवून घ्यावा लागतो.