घरकुलाला पडवी हवी

दरवर्षी २ जानेवारीला मुरबाड तालुक्यातील सिद्धगडाच्या कुशीतल्या स्मारकापाशी माणसांची रीघ लागते. १९४३ साली याच दिवशी पहाटे भाई विठ्ठल लक्ष्मण कोतवाल आणि हिराजी पाटील यांना ब्रिटिश पोलिसांच्या गोळ्यांनी येथे हौतात्म्य आले. हारतुरे वाहिले जातात, भाषणे होतात आणि मंडळी आपापल्या गावी परततात. परतीच्या वाटेवर दोन्ही बाजूंना ज्या वाड्या लागतात, त्यांतील घरांकडे मात्र कोणी फारसे निरखून पाहत नाही. कोतवालांनी गोरगरीब शेतकऱ्यांना आणि आदिवासींना सावकारी पाशातून सोडविण्यासाठी धान्यकोठ्या उघडल्या होत्या, हे आपण भाषणांतून ऐकतो. त्याच समाजाला आज सरकारी मदतीने जे घर मिळते, त्यात भाताची कणगी ठेवायला जागा आहे का, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही.

सिद्धगडाच्या परिसरात आज तीन तऱ्हेची घरे दिसतात. पहिले घर कुडाचे. दगडमातीचे जोते, लाकडी मेढी, कारवीच्या काठ्यांचा कुड, त्यावर शेणमातीचा गिलावा आणि वर कौले किंवा पेंढा. दुसरे घर घरकुल योजनेचे. विटांच्या किंवा सिमेंटच्या ठोकळ्यांच्या चार भिंती, वर पत्रा अथवा स्लॅब. तिसरे घर शहरातून आलेल्या हौशी धनिकाचे. माळशेजकडे जाणाऱ्या रस्त्यालगत आणि शहापूरच्या बाजूलाही अशी शेतघरे व विश्रामस्थाने उभी राहिली आहेत. समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. तो शहापूर तालुक्यातूनच जातो. यापुढे ही घरे वाढणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

यातली गंमत अशी की, या तिसऱ्या घराच्या सजावटीत मातीच्या रंगाच्या भिंती असतात, उतरती कौले असतात, ऐसपैस पडवी असते आणि पडवीत झोपाळाही असतो. वाडीतला माणूस जे टाकून देत आहे, तेच पुण्या-मुंबईचा माणूस पैसे मोजून उभारीत आहे. यावरून काही विद्वान लगेच असा निष्कर्ष काढतात की, आदिवासीने आपले कुडाचे घर सोडूच नये, तेच निसर्गाशी सुसंगत आहे. हा निष्कर्ष मला मान्य नाही. कुडाच्या घराचे कौतुक करणाऱ्याने एक पावसाळा त्यात काढून पाहावा. झडीने भिंतीचा पाया भिजून कुजतो, वाळवी मेढी पोखरते, विंचूकाट्याचे भय असते, आणि दिवाळीच्या तोंडावर पुन्हा सारे लिंपायचे व सारवायचे काम घरातल्या बाईच्याच वाट्याला येते. शिवाय लाकूडफाटा आता पूर्वीसारखा सहज मिळत नाही. १९८५ साली भीमाशंकर अभयारण्य घोषित झाले आणि पुणे, ठाणे व रायगड या तीन जिल्ह्यांतील जंगल त्यात आले. तेव्हा ‘आम्हाला पक्के घर हवे’ ही वाडीची मागणी रास्त आहे, आणि ती नाकारण्याचा अधिकार कोणालाही नाही.

वाद आहे तो ‘पक्के’ या शब्दाच्या अर्थाविषयी. सरकारी दप्तरात घरांच्या दोनच जाती आहेत, कच्चे आणि पक्के. भिंत कशाची व छप्पर कशाचे, एवढ्यावर जात ठरते. त्या घरात मे महिन्यात दुपारी बसवते की नाही, आषाढात धान्य कोरडे राहते की नाही, याची नोंद करायला रकाना नाही. इंदिरा आवास योजना १९८५ मध्ये सुरू झाली. २०१६ मध्ये तिची जागा प्रधानमंत्री आवास योजनेने घेतली. घराचे किमान क्षेत्र २० चौरस मीटरवरून २५ चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फूट झाले आणि सपाट प्रदेशासाठी केंद्राने १ लाख २० हजार रुपयांचे साहाय्य ठरविले. राज्याची शबरी आदिवासी घरकुल योजनाही साधारण याच मापाची आहे. हेतू उत्तम आहे, आणि हजारो कुटुंबांच्या डोक्यावरचे गळके छप्पर त्यामुळे गेले, हे मान्यच केले पाहिजे. परंतु एवढ्या रकमेत आणि एवढ्या मापात घर बसवताना पहिली कात्री लागते ती पडवीला.

पडवी म्हणजे शोभा नव्हे. ठाणे जिल्ह्यात वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो बहुतेक चार महिन्यांतच कोसळतो. पुढे ओढलेले छप्पर झडीपासून भिंत राखते आणि उन्हाळ्यात तीच भिंत तापू देत नाही. पडवीतच पेंढा राहतो, शेळ्या बांधल्या जातात, बी-बियाणे निवडले जाते, पाहुणा टेकतो, आजारी म्हातारा पडून राहतो. माजघराच्या वरचा माळा भात आणि अवजारे सांभाळतो. चुलीचा धूर कौलांच्या फटींतून बाहेर पडता पडता वाशांना कीड लागू देत नाही. अशा घराला वास्तुशास्त्राची पदवी नसेल, पण त्यातल्या प्रत्येक भागाला काम आहे. पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या सपाट पेटीत ही सारी कामे एकाच खोलीत कोंबली जातात. म्हणूनच पुष्कळ ठिकाणी नव्या घरकुलाला टेकून जुन्याच कारवीचा एक सोपा उभा राहिलेला दिसतो. चूल तिकडे, शेळ्या तिकडे, दुपारची झोपही तिकडेच. आराखडा करणाऱ्याची चूक राहणाऱ्याने आपल्या पदरमोडीने दुरुस्त केलेली असते.

याला उपाय नाही असे नाही, आणि तो फार खर्चाचाही नाही. केरळात आयुष्य वेचलेले वास्तुकार लॉरी बेकर (१९१७–२००७) यांना गांधीजींनी सांगितले होते की, घराचे साहित्य पाच मैलांच्या परिघात मिळणारे असावे. बेकरांनी विटा आडव्या न रचता कडेवर उभ्या रचून मध्ये पोकळी ठेवण्याची पद्धत रूढ केली. तीत विटा सुमारे चतुर्थांशाने कमी लागतात आणि पोकळीमुळे खोली थंड राहते. स्लॅबच्या खालच्या अंगाला मंगलोरी कौले बसवून त्यांनी सिमेंट आणि लोखंड वाचविले. मुरबाड-शहापुरात जुने घर उतरवताना निघालेल्या कौलांच्या चळती परसात पडून असतात. त्या नव्या स्लॅबमध्ये जाऊ शकतात. त्यासाठी गावच्या गवंड्याला चार दिवसांचे शिक्षण देणे मात्र आवश्यक आहे.

दुसरे उदाहरण याच ठाणे जिल्ह्यातले आहे. नवी मुंबईत बेलापूरला चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात अल्प व मध्यम उत्पन्नाच्या लोकांसाठी एक वसाहत बांधली. साधारण सात घरे एका सामाईक अंगणाभोवती. प्रत्येक घराची भिंत स्वतंत्र, म्हणजे ऐपतीप्रमाणे ज्याला त्याला वाढविता यावे. पुढे रहिवाशांनी यांतील बरीच कौलारू घरे पाडून काँक्रीटची बांधली. काहींना यात कोरियांचा पराभव दिसतो. मला यात वेगळाच धडा दिसतो. भिंती बदलल्या, छपरे बदलली. पण अंगणाची मांडणी टिकली, कारण ती राहणाऱ्यांच्या उपयोगाची होती. भिंत कशाची असावी हे राहणाऱ्याला ठरवू द्यावे. जागेची मांडणी मात्र विचारपूर्वक द्यावी.

निरनिराळ्या प्रदेशांच्या हवामानाला अनुरूप अशा घरांच्या आराखड्यांचे संकलन केंद्र शासनाने स्वतःच काही वर्षांपूर्वी प्रसिद्ध केले आहे. तेव्हा ज्ञानाची वाण नाही. ते वाडीपर्यंत पोहोचत नाही, एवढेच. शहापूर तालुका संपूर्ण आणि मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो. १९९६ च्या पेसा कायद्याने तेथील ग्रामसभेला विकासाच्या योजनांना मान्यता देण्याचा अधिकार दिला आहे. लाभार्थ्यांची यादी वाचून दाखविण्यापुरता तो का वापरावा? आराखडाही ग्रामसभेपुढे ठेवावा. तो पुरुषांबरोबर बायकांनाही दाखवावा, कारण घरात अधिक वेळ त्याच काढतात. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू गौण वनोपजात गणला आहे. हक्क मिळालेल्या गावांना छपराचे साहित्य त्यातून मिळू शकते. मुंबईच्या सर जे. जे. वास्तुकला महाविद्यालयासारख्या संस्थांनी आपल्या विद्यार्थ्यांना एका उन्हाळी सुट्टीत या वाड्यांवर पाठवून जुन्या घरांची मोजमापे घ्यावीत. आणि शासनाने २६९ चौरस फुटांच्या बाहेर, चटईक्षेत्रात न मोजता, सहा फुटांच्या पडवीसाठी वेगळी रक्कम द्यावी. मागणी एवढीच आहे.

कोतवालांची धान्यकोठी ही तत्त्वतः एक साधी गोष्ट होती: सुगीचे धान्य गरीबाच्या ताब्यात राहावे, म्हणजे पावसाळ्यात त्याला सावकाराच्या दारात उभे राहावे लागणार नाही. ते धान्य ठेवायला ज्या घरात कोपरा नाही, ते घर दप्तरात पक्के असले तरी त्याच्या संसाराला अपुरेच आहे. येत्या २ जानेवारीला सिद्धगडाला जाणाऱ्यांनी परतताना वाटेवरच्या एखाद्या घरकुलात क्षणभर डोकवावे, आणि कणगी कोठे ठेवली आहे ते पाहावे.