निवारागृहातील मांजरे आणि लपण्याची जागा : परिसर-समृद्धीकरणाचा एक विचार

बंदिस्त प्राण्यांच्या परिसरात त्यांच्या नैसर्गिक वर्तनाला वाव देणारे बदल करणे म्हणजे परिसर-समृद्धीकरण होय. निवारागृहातील मांजरांच्या बाबतीत समृद्धीकरण म्हणजे खेळणी, असा समज सर्वसाधारणपणे आढळतो. प्रस्तुत लेखात या समजाची मर्यादा स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

मांजर हा शिकारी प्राणी खरा. तथापि लहान आकारामुळे तो स्वतःही मोठ्या प्राण्यांचे भक्ष्य ठरतो. त्यामुळे संकटात दडून बसणे किंवा उंच जागा गाठणे ही त्याची स्वाभाविक प्रतिक्रिया असते. उघड्या पिंजऱ्यात यांपैकी काहीच शक्य नसते. कुत्र्यांचे भुंकणे आणि अनोळखी वास यांनी भेदरलेल्या मांजराला चेंडू दिल्याने काय साधणार?

मांजराच्या देहस्थितीवरून ताण मोजण्याची सात पायऱ्यांची श्रेणी केसलर व टर्नर यांनी १९९७ मध्ये मांडली. तिचाच आधार घेऊन व्हिंके व सहकाऱ्यांनी नेदरलँड्समधील एका निवारागृहात नव्याने आलेल्या १९ मांजरांचे निरीक्षण केले (२०१४). त्यांपैकी दहा मांजरांना लपण्यासाठी खोके दिले होते, नऊ जणांना नव्हते. खोके मिळालेली मांजरे पहिल्या काही दिवसांतच सावरली. इतरांना त्या पातळीवर येण्यास सुमारे दोन आठवडे लागले. नमुना लहान आहे, हे मान्य करावे लागेल.

मग अखेरीस सगळीच सावरतात, तर घाई कशाला, असा प्रश्न संभवतो. परंतु हेच दिवस धोक्याचे असतात. अनेक मांजरांच्या शरीरात सुप्तावस्थेत असलेला हर्पिस विषाणू ताणामुळे पुन्हा सक्रिय होतो. शिंका, नाक-डोळे वाहणे, अन्न टाकणे ही लक्षणे दिसू लागतात. आजारी मांजराला सहसा कोणी घरी नेत नाही. त्याचा मुक्काम लांबतो, गर्दी वाढते आणि संसर्गही. खोक्याचा प्रश्न केवळ सुखसोयीचा नाही, तो यामुळेच.

स्वच्छतेचा अतिरेकही येथे बाधक ठरतो. मांजर गाल घासून जागेला आपला गंध देते. रोज संपूर्ण पिंजरा धुतल्यास ती ओळख पुसली जाते. निरोगी मांजराच्या बाबतीत मळलेला भागच स्वच्छ करून अंथरूण तसेच ठेवणे श्रेयस्कर.

लपलेले मांजर पाहुण्यांना दिसत नाही, ही व्यवस्थापनाची तक्रार अगदीच निराधार नाही. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या प्राणी-संरक्षण संस्थेने त्यावर पुठ्ठ्याचे घडीचे खोके तयार केले. त्यात मांजर लपू शकते, वर बसून सर्वांना दिसूही शकते. आणि दत्तक गेल्यावर तेच खोके पिशवीसारखे उचलून, त्याच्या परिचित गंधासह, मांजराला नव्या घरी नेता येते.