सर्व्हलेट
सर्व्हलेट : वेब सर्व्हरवर राहून ग्राहक-संगणकांच्या विनंत्यांना प्रतिसाद देणारा, जावा भाषेतील आज्ञावली-घटक. सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीने तो १९९७ मध्ये प्रचारात आणला. तत्पूर्वीच्या सीजीआय पद्धतीत प्रत्येक विनंतीसाठी स्वतंत्र प्रक्रिया सुरू करावी लागे व त्यात वेळ आणि स्मृती खर्ची पडत.

कार्यपद्धती : सर्व्हलेटचे नियंत्रण ‘कंटेनर’ ही आज्ञावली करते. कंटेनर सामान्यतः सर्व्हलेटची एकच प्रत निर्माण करतो, ती ‘इनिट’ क्रियेने सज्ज करतो आणि येणाऱ्या प्रत्येक विनंतीसाठी एक थ्रेड (कार्यसूत्र) नेमतो. हे सर्व थ्रेड त्याच प्रतीची ‘सर्व्हिस’ ही क्रिया एकाच वेळी चालवितात. टॉमकॅट या कंटेनरमध्ये थ्रेडांची कमाल संख्या, मुद्दाम बदलली नसल्यास, २०० असते. त्यांहून अधिक विनंत्यांना थांबावे लागते.

सामाईक चलांचा धोका : क्रियेतील स्थानिक चलांना प्रत्येक थ्रेडमध्ये वेगळी जागा असते, प्रतीचे चल मात्र सर्व थ्रेडांना सामाईक असतात. समजा, बारामती व इंदापूर येथील दोन खातेदारांनी एकाच क्षणी सातबारा उतारा मागितला आणि त्यांचे गट क्रमांक प्रतीच्या चलात ठेवले गेले, तर दुसरा क्रमांक पहिल्यावर लिहिला जाऊन एकाच्या हाती दुसऱ्याचा उतारा पडू शकतो. वर्दळ कमी असताना हा दोष सहसा आढळत नाही. म्हणूनच तो अधिक घातक ठरतो.

उपाय : विनंतीची माहिती स्थानिक चलांतच ठेवणे, हा मुख्य उपाय होय. सामाईक चल अटळ असल्यास ‘सिंक्रोनाइझ्ड’ या शब्दाने त्या भागास कुलूप लावतात. बारामती व इंदापूर तालुक्यांतून जाणाऱ्या नीरा डाव्या कालव्यावर चारीचे पाणी शेजपाळीने घेतात. तद्वतच येथे एका वेळी एकच थ्रेड आत जातो व इतर आपली पाळी येईपर्यंत थांबतात. त्यामुळे अचूकता लाभते, परंतु वेग घटतो. म्हणून कुलूपबंद भाग शक्य तितका लहान ठेवतात. एकाहून अधिक सर्व्हर असल्यास प्रत्येकावर सर्व्हलेटची निराळी प्रत असते व असे कुलूप अपुरे पडते. तेव्हा नोंदींचे रक्षण माहितीसंचयाच्या व्यवहार-यंत्रणेकडे सोपवितात.

एका प्रतीत एका वेळी एकच थ्रेड येऊ देणारी ‘सिंगलथ्रेडमॉडेल’ ही सोय सामाईक माहितीचे पूर्ण रक्षण करू शकत नसे. २००३ मध्ये ती त्याज्य ठरली आणि २०२२ मधील सहाव्या आवृत्तीतून काढून टाकण्यात आली.