आधी आधार, मग स्वावलंबन

मी कला शाखेचा विद्यार्थी. तरीही एका प्रश्नाने माझे कुतूहल चाळवले. संगणकातील सर्व प्रोग्राम ज्याच्या आधारावर चालतात, त्या मूळ प्रोग्रामला कर्नल, म्हणजे गाभा, म्हणतात. स्मृतीची आणि प्रोसेसरच्या वेळेची वाटणी तोच करतो. मग नव्या यंत्रात गाभाच नसेल, तर त्यावर बसून तो लिहायचा कसा? आधी कोंबडी की आधी अंडे, असाच हा पेच!

चूल न मांडलेल्या घरी शेजारून डबा यावा, तसे याचे उत्तर आहे. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन यांनी पीडीपी-७ या लहान संगणकासाठी प्रोग्राम लिहिले, ते जनरल इलेक्ट्रिकच्या मोठ्या संगणकावर. तेथेच पीडीपी-७ ला उमजणाऱ्या आज्ञा तयार होत व छिद्रांच्या कागदी फितीवर उतरत. ती फीत लहान यंत्राकडे न्यायची आणि प्रोग्राम चालतो का ते पाहायचे. गाभा, मजकूर लिहिण्याचे साधन आणि असेंब्लर तयार होताच फितीची गरज संपली. पुढचे काम त्याच यंत्रावर होऊ लागले. ही युनिक्सची सुरुवात होय.

आज फीत गेली, रीत राहिली. प्रत्येक जातीच्या प्रोसेसरची भाषा निराळी. टेबलावरील संगणकात बहुधा इंटेल धाटणीचा प्रोसेसर असतो, तर तळहाताएवढ्या रास्पबेरी पायमध्ये आर्म धाटणीचा. क्रॉस-कंपायलर हा इथे बसून तिथल्या भाषेत लिहिणारा लेखनिक. लिनक्सचा गाभा घडवताना त्याला आधी प्रोसेसरची जात सांगायची, हवे ते भाग निवडायचे आणि तयार झालेला गाभा मेमरी कार्डावर उतरवून लहान यंत्रात घालायचा. लहान यंत्राला जे काम करायला फार वेळ लागला असता, ते मोठे यंत्र झटपट उरकते.

आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा व वाळूज वसाहतींतील कारखान्यांतही यंत्रे चालवणारे छोटे नियंत्रक आहेत. कंपायलर मावेल एवढी जागा त्यांच्यात नसते. त्यांचे प्रोग्राम बाहेरच्या संगणकावरच तयार होतात.

घरातून महाविद्यालयात आलेली माझी पहिलीच पिढी. शिष्यवृत्ती, वसतिगृह, प्राध्यापकांनी दिलेली पुस्तके, सारा आधार बाहेरचाच. त्याचा संकोच कधी कधी वाटतो. पण युनिक्सनेही पहिली पावले दुसऱ्याच्या यंत्रावर टाकली. आधार घेण्यात कमीपणा नाही; एक दिवस फीत लागू नये, एवढी तयारी मात्र आपण करायला हवी.